चार खोल्यांची ऊब

"वहिनी, एका खोलीपुरती घ्या," बशीरभाई म्हणाले. "म्हातारबाबांची खोली तापली की झालं. सगळ्या घरात नळ्या फिरवून काय करायचंय?"

वाईतल्या त्यांच्या शेडमध्ये आम्ही उभे होतो. वैशाखातली दुपार, डोक्यावर पत्रा, घामाने पोलकं पाठीला चिकटलेलं, आणि मी घर गरम करायची चूल निवडत होते. शेजारी माझा दीर जालिंदर होता. मी मुकाट माघारी फिरावं म्हणून तो मुद्दाम सोबत आला होता. वेल्डिंग करणारी माणसं हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत होती. बघू देत. लोकांच्या बघण्याने माणूस झिजत असतं, तर मी लग्न होऊन आले त्याच वर्षी संपले असते.

बशीरभाईंनी दोन चुली दाखवल्या. पहिली साधी. जाड लोखंडी पत्र्याची पेटी, खाली राखेचा कप्पा, वर धुराडं. जिथे ठेवाल ती खोली तापणार, बाकीचं घर जसंच्या तसं. दुसरी तिच्या दुप्पट, आणि तिच्या पाठीला पाण्याची पोकळ पेटी. आत लाकडं जळायला लागली की त्या पेटीतलं पाणी तापतं, नळीने माळ्यावरच्या टाकीकडे चढतं, तिथून भिंतीच्या कडेकडेने खोल्याखोल्यांतून फिरतं आणि निवलं की पुन्हा चुलीच्या पाठीत येतं. पंप नाही, वीज नाही. कुणा हॉटेलवाल्याने ती करायला सांगितली होती, मग त्याचं मन फिरलं आणि चूल शेडच्या कोपऱ्यात धूळ खात पडली.

"ही द्या," मी दुसरीवर हात ठेवला.

"किती खोल्यांत नळी फिरवायची?"

"चार."

जालिंदर मोठ्याने हसला. "चार? आप्पा काय रोज खोली बदलून झोपतात?"

"आप्पा घरभर फिरतात."

"आप्पा? खाटेवरून मोरीपर्यंत जायला काठी लागते त्यांना."

"काठी घेऊन फिरतात."

बशीरभाई बिचारे सरळ मनाचे. त्यांनी जमिनीवर खडूने घराचा आराखडा काढायला घेतला. "मधल्या घरात चूल. म्हातारबाबांची खोली ही पुढं. स्वयंपाकघर समजलं, ते लागूनच आहे. पण ही मागची खोली? तिथं कोण असतं?"

"मी."

"मग तिथली नळी वगळू या. तुम्ही काय, दिवसभर चुलीपाशीच असणार."

"वगळायची नाही. तिकडून नळी वळवून आणायला सोपी पडेल."

"उलट लांब पडेल, वहिनी."

"पडू दे लांब."

जालिंदरला आता कंटाळा आला. तो खडूच्या रेघांवर पाय देऊन उभा राहिला. "बशीरभाई, तुम्ही साक्षीला राहा. वहिनींना वर पावसाळा काढायचाय. काढू देत. नागपंचमीला मी येणार आणि भिंतीला तळवा लावून बघणार. ओल लागली, तर आप्पा खाली, घराला कुलूप आणि दिवाळीनंतर माझं बांधकाम सुरू."

"आणि ओल नाही लागली तर?" मी विचारलं.

"तर घराचं नाव पुन्हा काढणार नाही. शब्द माझा."

"मला कशाला भावकीच्या भांडणात घेता?" बशीरभाई पुटपुटले, पण त्यांनी टेप काढून चूल मोजायला घेतली.

आमचं घर पाचगणीच्या पुढे, पठारावर, रस्त्याला लागून आहे. तिथला पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला सांगून पटायचा नाही. ढग परवानगी न विचारता दारातून आत येतात. मिठाचं पाणी होतं, चपलांना मिशा फुटतात, उशीवर डोकं टेकलं की कानाला गार लागतं. त्यामुळे मृगाच्या आधी भिंतींना गवताच्या ताट्या बांधायच्या, दाराला कुलूप घालायचं आणि पाऊस सरेपर्यंत वाईला उतरायचं, ही तिथल्या बऱ्याच घरांची रीत होती. आम्ही जालिंदरकडे उतरायचो. आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पुढची खोली. जालिंदर आणि त्याची बायको आतल्या खोलीत. आणि मी स्वयंपाकघर आणि मोरी यांच्या मधल्या बोळात.

त्या बोळात माझं अंथरूण सगळ्यांच्या शेवटी पडायचं आणि सगळ्यांच्या आधी उचललं जायचं, कारण मोरीला जाणाऱ्या प्रत्येकाला माझ्यावरून जावं लागायचं. "वहिनी, चहा टाका." "वहिनी, पोरांचे डबे." वर माझ्या घरात मी तुतीचं सरबत करून हॉटेलांना विकायची, चार माणसं मला शालनबाई म्हणायची. खाली उतरलं की माझं नावच पुसलं जायचं. नवरा होता तोवर तेही निभलं. तो गेल्यावर जालिंदरला नवी कल्पना सुचली. रस्त्यालगतचं घर पाडायचं, तिथे लॉज काढायचा आणि वहिनींनी बाराही महिने खालीच राहायचं. आप्पांना वरचा गारठा सोसत नाही असं डॉक्टर म्हणालेच होते. आप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, "मला कुठंबी टाका." म्हणून मी म्हटलं, घर कोरडं आणि गरम ठेवलं तर डॉक्टरांचं काही म्हणणं उरणार नाही. तिथून हे चुलीचं प्रकरण उभं राहिलं.

पैसे कुठून आणले ते विचारू नका. विकायचं ते विकलं. अंगावर सोनं घालून बोळातच झोपायचं, तर त्या सोन्याचा उपयोग काय?

चूल टेम्पोतून वर आली तेव्हा अर्धा गाव गोळा झाला. नळ्या जोडताना ठोकाठोकी चालली, तशी शेजारची हौसा अंगणात येऊन ओरडली, "शालन, इंजान आणलंस म्हनं घरात! तिकीट कितीला गं?"

"तुला फुकट. पण कोळसा तू ओढायचा."

"या उमरीत कसली थेरं ही?"

"आप्पांसाठी गं."

तिने लगेच मान डोलावली. "सासऱ्याचं करतीस, लई चांगलं."

'आप्पांसाठी' हा एक शब्द भारी कामाचा होता. ज्याने ज्याने विचारलं, त्याच्या तोंडावर मी तोच फेकला. चार खोल्या कशाला? आप्पांसाठी. एवढी लाकडं कशाला? आप्पांसाठी. वादळाने आमच्या बांधावरचे सिल्व्हर ओक आडवे झाले होते, ते तोडून फोडून मी पडवीत आढ्यापर्यंत रचले. पावसात लाकूड वाळत नाही, त्याची तजवीज आधीच करावी लागते.

जाताना बशीरभाईंनी मला दोनदा बजावलं. "वहिनी, चुलीला ही आंघोळीच्या पाण्याची तोटी आहे. जेवढं पाणी काढाल तेवढं माळ्यावरच्या टाकीत ओतायचं. चुकून पेटी कोरडी पडली, तर आधी जाळ बाहेर ओढायचा. तापल्या लोखंडावर गार पाणी ओतायचं नाही. फुटेल."

आषाढात पावसाने नेहमीचा हिसका दाखवला. घाट दोनदा बंद पडला, वीज गेली ती गेलीच. मी चूल पेटवली. थोड्या वेळाने नळ्यांमधून बुडबुड ऐकू आली, मग पाणी सरकल्याचा बारीक आवाज. पुढची खोली तापली, स्वयंपाकघर तापलं, आणि सगळ्यात शेवटी माझी मागची खोली. मी दार लोटून आत गेले. खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं इतकं धुकं, आणि आत अंथरूण कोरडं. नुसतं कोरडं नव्हे, ऊन लागल्यासारखं उबदार. मी नळीला पाठ टेकून जमिनीवर बसले आणि मला रडू फुटलं. आनंद झाला की माणूस हसतं म्हणतात. मला काही ते जमलं नाही.

आप्पांना मात्र काही त्याचं कौतुक नव्हतं.

"शालन, भट्टीत घातलंस की गं मला! मी काय रताळं हाय?"

"खोकला थांबला ना?"

"थांबला. पर आता बोलायला तरी हाय कोन हितं? त्या धुक्यासंगं बोलू?"

"माझ्याशी बोला."

"तू दिसभर लाकडं कोंबतीस." मग ते खिडकीकडे तोंड करून बसायचे. "गणपतीच्या घाटाला पानी लागलं असंल आता. दामू एकलाच पत्तं पिसत बसला असंल."

"लागलं असेल," मी म्हणायची आणि चुलीत पुढचं लाकूड सारायची. दामू हा त्यांचा वाईतला पत्त्यांचा जोडीदार. वाईला पूर येईल याची त्यांना काळजी वाटते, एवढंच माझ्या डोक्यात आलं. माझं सगळं लक्ष भिंतींकडे होतं. रोज उठल्यावर मी चारही खोल्यांच्या भिंतींना तळवा लावून बघायची. हौसाने एकदा ते पाहिलं आणि गावभर केलं की शालन भिंतींना कुरवाळते.

नागपंचमीला जालिंदर आला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो दिवस बघूनच आला. भाड्याची जीप होती, छत्री उलटी झालेली, डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता. आल्या आल्या त्याने टॉवेलही मागितला नाही, थेट आप्पांच्या खोलीच्या भिंतीला तळवा लावला. मग मधल्या घरात. मग स्वयंपाकघरात, तिथे खाली वाकून कोपरासुद्धा चाचपला. माझ्या खोलीत तर कपाट सरकवून मागे हात घातला. हात बाहेर काढून त्याने तळवा पाहिला, पँटला पुसला आणि पुन्हा पाहिला.

"काय लागलं, भाऊजी?"

"चुना लागला."

"ओल?"

त्याने कपाट पुन्हा भिंतीला लावलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पुरणाची उकडलेली दिंडं ताटात काढली. त्या दिवशी आमच्याकडे तवा ठेवत नाहीत, विळीला हात लावत नाहीत, म्हणून लाकडंसुद्धा मी आदल्या दिवशीच फोडून ठेवली होती. जिंकलेल्या माणसाने फार बोलू नये एवढं मला कळत होतं. पण तूप वाढताना हात जरा सैल सुटला, ते खरं.

"आधी आंघोळ करतो," तो म्हणाला. "अंग गारठलंय. पाणी आहे ना तापलेलं?"

"त्या तोटीला आहे. पण जेवढं घ्याल तेवढं—"

"मला काय शिकवता? या घरच्या बंबावर लहानाचा मोठा झालोय मी."

तिथेच घोळ झाला. आमच्याकडच्या जुन्या तांब्याच्या बंबाची रीत अशी, की वरच्या नरसाळ्यात बादलीभर गार पाणी ओतलं तरच तेवढं कढत पाणी तोंडातून बाहेर येतं. ओतलं नाही तर थेंब येत नाही. त्यामुळे बंबावर वाढलेल्या माणसाच्या हाडात एक गोष्ट मुरलेली असते. पाणी येतंय ना, मग बंब भरलेला आहे. या चुलीची तोटी खाली होती. पेटी रिकामी होईपर्यंत ती इमानाने पाणी देत राहायची.

जालिंदरने बादलीवर बादली उपसली. मोरीतून त्याचं गाणं ऐकू येत होतं. मी आप्पांचं ताट वाढत होते तोच चुलीने दणका दिला. मग दुसरा. मग नळ्या भिंतीवर धाडधाड आपटायला लागल्या आणि माळ्यावरून वाफेचा फूत्कार आला. आप्पांच्या हातातलं दिंड खाली पडलं.

"भूकंप झाला की काय गं!"

जालिंदर कमरेला पंचा गुंडाळून, अंगाला साबण तसाच, धावत बाहेर आला. एका नजरेत त्याला काय झालं ते कळलं. त्याने भरलेली बादली उचलली आणि माळ्याच्या शिडीवर पाय ठेवला.

"ओतू नका!" मी किंचाळले.

"अहो, पाणी संपलंय!"

"म्हणूनच ओतायचं नाही! खाली ठेवा ती बादली! ठेवा म्हणते ना!"

त्याच्यावर मी त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता. त्याने बादली ठेवली. मी चुलीचं दार उघडलं, चिमट्याने पेटती लाकडं एकेक करून घमेल्यात ओढली आणि अंगणात नेऊन पावसात फेकली. दोन खेपा झाल्या, तीन झाल्या. पदराचं टोक जळालं, ते पायाने विझवलं. तिसऱ्या खेपेनंतर दणके थांबले. मग घरात फक्त धूर, पावसाचा आवाज आणि अंगावर साबण वाळलेला जालिंदर उरला.

तो सावरला आणि लगेच चढला. "हे घर आहे का कारखाना? उद्या आप्पांच्या डोक्यावर फुटलं म्हणजे?"

"तुम्ही उपसलंत म्हणून झालं. आप्पा रोज या पाण्याने आंघोळ करतात, मी रोज टाकी भरते. एकही दिवस काही झालं नाही. आणि भिंती कोरड्या आहेत. शब्द तुमचा होता."

मी जिंकले होते. जळका पदर खोचून मी आप्पांकडे वळले, की आता त्यांनी दोन शब्द बोलावेत, या घरात मला बरं वाटतं एवढं तरी म्हणावं.

आप्पा खाली पडलेलं दिंड उचलून फुंकत होते. ते शांतपणे म्हणाले, "जाल्या, जीप हाय न्हवं? मी येतो खाली."

मला वाटलं, ते घाबरले. "आप्पा, पुन्हा नाही होणार असं. पेटी निवू दे, मी लगेच—"

"भ्यालो न्हाई गं. मला करमत न्हाई हितं. दामू हाय तिकडं, पत्तं हायेत, घाटावर चार मानसं बोलायला येत्यात. मला खाली जायाचंय."

जालिंदरचा चेहरा उजळला. पडलेला पैलवान उठून शड्डू ठोकतो तसा तो पंचा सावरून पुढे झाला.

"झालं तर मग! मी शब्द मोडत नाही, वहिनी. भिंती कोरड्या, मान्य. पण हा सगळा खटाटोप आप्पांसाठी होता, तुम्हीच सगळीकडे सांगितलंत. आता आप्पाच खाली चालले. मग ही लाकडं कुणासाठी जाळणार? पिशवी भरा. घराला कुलूप घालू आणि अंधार पडायच्या आत घाट उतरू."

बोळ माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मोरीचा वास, अंगावरून जाणारे पाय. मी तोंड उघडलं, आणि सवयीने जिभेवर आलेला शब्द आता कामाचा नव्हता. दुसरा शोधावा लागला.

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

"काय?"

"माझ्यासाठी जाळणार. मलाही गारठा लागतो, भाऊजी. तुमच्या बोळात इतके पावसाळे काढले, एकदा तरी कुणी विचारलंत, वहिनी थंडी वाजते का? ही चूल मी माझ्यासाठी निवडली. त्या शेडमध्ये उभी होते तेव्हाही माझ्यासाठीच निवडत होते."

"एकट्या बाईला चार खोल्या?"

"हो, चार. एकीत झोपेन, एकीत बसेन, एकीत स्वयंपाक करेन. आणि चौथी उगाच तापलेली राहू दे."

"लोक काय म्हणतील? सासरा खाली आणि सून एकटी वर?"

"लोकांना म्हणायचं असेल ते आत येऊन म्हणू देत. बाहेर भिजतील. चहा देईन मी."

"आणि कुलूप?"

"आत माणूस असताना बाहेरून कुलूप लावायची रीत कुठल्या गावची?"

जालिंदरने आप्पांकडे पाहिलं. घर आप्पांचं होतं, त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर माझं सगळं बोलणं पाण्यात गेलं असतं. आप्पांनी दिंडाचा घास संपवला, बोटं पुसली.

"भित कोरडी हाय का न्हाई?"

"आहे, पण आप्पा—"

"सबूद दिल्तास का न्हाई?"

"दिला होता."

"मग आंग पूस आनि कापडं घाल. नागोबासारखं उघडं फिरू नगंस."

पाऊस किंचित उणावला तेव्हा दोघं निघाले. मी आप्पांना हाताला धरून जीपपर्यंत नेलं, त्यांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला. जालिंदर पुढे बसून गाडीच्या काचेकडे एकटक बघत होता. माझ्या मनात ठसठसत होतं ते मी विचारूनच टाकलं.

"आप्पा, तुम्हाला इथे राहायचंच नव्हतं, तर इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मी खाली गेलो असतो, तर तुला येकलीला वर कुनी ऱ्हाऊ दिलं असतं?" त्यांनी मफलर खेचून सैल केला. "पर तूबी कमाल केलीस, पोरी. आज बोललीस ते त्या बशीरच्या दुकानातच बोलली असतीस, तर मी म्हैनाभर रताळ्यागत उकडलो नसतो."

जीप धुक्यात गेली. मी घरात आले आणि चुलीची पेटी हाताला गार लागेपर्यंत थांबले. मग शिडीवरून बादल्या चढवून माळ्यावरची टाकी काठोकाठ भरली आणि कुणालाही कारण न सांगता चारही खोल्या तापतील एवढा जाळ केला.